जूचंद्रचं फर्मवेअर

आमच्या रांगोळी मंडळाला काही फुकट मिळालं की मी ते आधी उलटं करून बघते. खजिनदार झाले तेव्हापासूनची सवय. नायगावच्या एका बंद पडलेल्या ऑफिसाने मुलींच्या संगणक वर्गासाठी जुने लॅपटॉप दिले, तेही मी असेच उलटेपालटे करून बघितले. बाहेरून ठणठणीत. बटण दाबलं तर कंपनीचं चिन्ह आलं आणि खाली पासवर्डची चौकट. पासवर्ड ठाऊक असलेला माणूस ऑफिसाबरोबरच नाहीसा झाला होता. कंपनीला फोन लावला, तिथल्या बाईने फार गोड आवाजात सांगितलं, मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या.

कल्पेश हा आमच्याच भावकीतला, तुळिंजला लॅपटॉपचं दुकान चालवतो. मंडळाच्या सभेत त्याने एक मशीन उघडलं आणि मान हलवली.

"हंसाआत्या, हा लॉक विंडोजचा नाहीये. बोर्डवरच्या चिपमध्ये बसलाय, फर्मवेअरमध्ये. मशीन ऑन केली की सगळ्यात आधी तेच उठतं. ते अडून बसलं तर पुढचं कोणीच उठत नाही. मी घेऊन जातो ना सगळे, स्पेअर पार्टला."

कल्पेशचं मन मोठं आहे, नाही म्हणणार नाही. पण त्याचा टेम्पो त्याच्या मनाच्याही पुढे धावतो.

"कोणी न्यायचे नाहीत," मागून जागृती बोलली. माझ्या हरेश्वरदादाची मुलगी. वसईला एका कारखान्यात सर्किटं तपासायचं काम करते. "या मॉडेलसाठी कोरबूट मिळतं. खुलं फर्मवेअर. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कोणीही वाचा, बदला, पुढे द्या. कंपनीचं काढून मी ते घालते. मग पासवर्ड विचारायला कोणी उरणारच नाही."

"आणि परवानगी कोणाची घेतलीस?" कल्पेशने विचारलं.

"लिहिणाऱ्यांनी आधीच देऊन ठेवलीय. तुझ्या दुकानात असं काही मिळत नाही, म्हणून माहीत नसेल."

सभा हसली. मग ठराव झाला: येत्या रविवारी जागृतीने सगळ्यांसमोर मशीन चालू करून दाखवावं, नाही जमलं तर सगळे लॅपटॉप कल्पेशने न्यावेत आणि वर्गाचा विषय बंद. मंडळाचा अध्यक्ष दादाच. पोरीकडे न बघता त्याने ठराव वाचला. हा माणूस रांगोळीत माणसाच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा काढतो, पण स्वतःच्या मुलीला 'बरं केलंस' म्हणायला त्याचं तोंड उघडत नाही.

रविवारी समाजमंदिर भरलं. दाराशी कल्पेशचा टेम्पो, पाठ आत करून, तयारीत. जागृतीने पहिल्या लॅपटॉपचा कीबोर्ड काढला, आतल्या चिपच्या पायांवर एक चिमटा बसवला आणि त्याच्या वायरी चिपवर लिहिणाऱ्या आपल्या छोट्या यंत्राला जोडल्या.

आता आमच्या जूचंद्र गावची एक गोष्ट. इथली मुलं चालायला लागली की रांगोळीत बसतात, आणि पहिला धडा भुईचा. झाडायची, सारखी करायची, कोरी करायची. त्याआधी चिमूटभर रंग पडता कामा नये. हे हातातच मुरतं. जागृतीच्या हाताने तेच केलं. चिपमधलं जुनं सगळं तिने आधी पुसून टाकलं आणि मग नवीन लिहायला घेतलं. निम्म्यात चिमटा सरकला.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच.

"अगं, आधी निदान पासवर्ड तरी विचारत होता!" कल्पेश म्हणाला. सभागृह खदखदलं. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

जागृतीचा चेहरा उतरला. पण ती मोठ्याने, मागच्या ओळीला ऐकू जाईल अशी बोलली, "चूक माझी. आधी जुन्याची कॉपी काढायची असते, मग पुसायचं. मी आधी पुसलं."

हे मी तिच्या जमेला धरलं. आमच्या सभांमध्ये असं वाक्य सहसा ऐकू येत नाही.

दादा उठला. "पुसलंस तं पुसलंस. भुई कोरी हाय ना? मंग परत मांड."

"पप्पा, ही रांगोळी नाहीये."

"मना ठावं हाय. रांगोली असती तं तुना कवाच उठवली असती."

"मग काका, टेम्पो भरू?" कल्पेशने विचारलं.

"भर. आधी मंडलाच्या सतरंज्या भर, देवलात पोचवाच्या हायेत."

कल्पेश सतरंज्या उचलत राहिला, तोवर जागृतीने दुसरा लॅपटॉप उघडला. या वेळी चिमटा नीट दाबून बसवला. आधी जुनं वाचून कॉपी काढली, पुन्हा वाचून दुसरी काढली, दोन्ही ताडून बघितल्या. मगच नवीन लिहिलं. आणि बटण दाबलं.

कंपनीचं चिन्ह आलंच नाही. त्या जागी जागृतीने चित्र म्हणून घातलेली दादाची गेल्या दिवाळीची रांगोळी उमटली, मिठागरात फळी ओढणारी बाई, आणि तिच्यावर साधी यादी: कुठून सुरू करू? चौकट नाही, पासवर्ड नाही. टाळ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा आत आला.

मग ती मेलेल्या मशीनकडे वळली. चिपवर बाहेरून कितीही वेळा लिहिता येतं. जुन्यातला जो भाग लागतो तो दुसऱ्या लॅपटॉपच्या कॉपीतून घेतला; फक्त नेटवर्कचा नंबर प्रत्येक मशीनचा वेगळा असतो, तो याच्या पोटाखालच्या स्टिकरवरून वाचून घातला. तेही उठलं.

कल्पेश जवळ आला. "माझ्याकडे दोन आहेत असेच अडकलेले. नुसतं विचारतोय हं."

"आण. कोणाचे आहेत त्याचं बिलही आण. आणि चिमटा तू धरायचा, मी शिकवीन."

ठराव आपोआप निकालात निघाला. लॅपटॉप वर्गाचे झाले. पण दादा त्या मशीनसमोर ठाण मांडून बसला. दारात नवीन माणूस दिसला की हाक मारायचा, "ये, बघ!" बटण दाबायचा, मिठागरवाली उमटायची, आणि पुढचं काही सुरू व्हायच्या आत बंद करून पुन्हा दाबायचा.

"पप्पा, खरं काम तर याच्यापुढे असतं," जागृती कळवळून म्हणाली.

"पुढचं सगल्यांकडं हाय," दादा म्हणाला. "एवढं माज्या पोरीनं केलंय."

तिने त्याला पुन्हा बटण दाबू दिलं. मुली मागे रांगेत उभ्या होत्या. लॅपटॉप त्यांचे होते, पण त्या दिवशी दादाच्या हातातलं मशीन काही एकीलाही मिळालं नाही.