मोतीरामचा पांढरा खटका

धाड गावच्या आठवडी बाजारात त्या दिवशी मिरच्यांपेक्षा जास्त गर्दी एका टाइपरायटरभोवती होती. यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मागे भगव्या लुंगीत मोतीराम महाराज. गेल्या साली हाच मोतीराम बुलढाण्यात लोकांचे अर्ज टाइप करत होता. पण दाढी वाढली की मागचं कोण विचारतो?

"खटखट माय, बोल माय! नाव काळं उठलं तं खुशाल राहा. लाल उठलं तं माय कोपली. अन् कागद कोराच राह्यला..." इथे तो डोळे मिटायचा. "तं मायनं माणूस आपल्यापाशी बलावला. मंग दवा नाही, सुई नाही!"

ओळीच्या शेवटी टिंग करून घंटी वाजली की लोक हात जोडायचे. अहो, ती घंटी प्रत्येक टाइपरायटरला असते! पण सांगायचं कोणाला? महाराष्ट्र राज्य नवं, एसटी नवी, डोकी मात्र जुनीच.

रांगेत पुढे किसनराव होते, कडेवर नात कौसल्या. पोरीचा गळा सुजला होता, आत पांढरा पापुद्रा, पाणीही उतरेना. मी हायस्कुलातला मास्तर, डॉक्टर नव्हे. पण घटसर्प ओळखू येत होता. बुलढाण्याच्या दवाखान्याकडे जाणारी एसटी समोर उभी होती.

"किसनराव, आधी गाडीत बसा," मी म्हणालो.

"मास्तर, मायले इचारल्याबिगर सुई टोचली तं पोरगी हातची जाईन."

खटखट, टिंग. कागद कोरा.

पोरीची आई सिंधू रडू लागली. किसनराव घराकडे वळले. माझा संताप संताप झाला. शाळेच्या प्रश्नपत्रिकांचं स्टेन्सिल टाइपरायटरवर मीच कापायचो, त्यामुळे कोऱ्या कागदाचं गुपित मला पाठ होतं.

"थांबा! आता महाराजांचं नाव पाहू," असं म्हणत मी मोतीरामला बाजूला सारलं आणि त्याचं नाव टाइप केलं. टिंग. कागद कोरा!

"महाराज," किसनराव मागे फिरून म्हणाले, "तुमालेबी मायनं बलावलं जी!"

मागून कोणी ओरडलं, "लाकडं सांगा बे!"

"अबे, कायची लाकडं!" मोतीराम भडकला. "खटका पांढऱ्यावर हाय, म्हणून उठलं नाही!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

मी तो खटका सगळ्यांना दाखवला. काळ्यावर ठेवला की काळी अक्षरं, लालवर ठेवला की लाल. पांढऱ्यावर ठेवला की शाईची फीत वर उठतच नाही. स्टेन्सिलच्या मेणकागदावर शाईविना अक्षरं कोरण्यासाठी केलेली सोय ती. खटका काळ्यावर केला आणि 'कौसल्या' टाइप केलं. ठसठशीत उठलं. तिच्या नावाचा पहिला कोरा कागद उलटा करून सिंधूच्या हाती दिला. तिनं मागून बोट फिरवलं.

"मामंजी, हे तं उमटलं हाय!" ती ओरडली, आणि पोरीला हिसकावून गाडीकडे धावली. मागोमाग किसनराव.

कौसल्या वाचली. ती एसटी चुकली असती तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

मोतीराम पळाला. पुढच्या बाजारी मात्र माणसं माझ्या दारात उभी! "मास्तर, आमचंबी नाव काळं काढून द्या ना जी."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. बाबांनो, पोर वाचली ती काळ्या अक्षरांनी नाही, वेळेवर टोचलेल्या सुईनं! हात जोडायच्या आधी खटका कोणाच्या हातात आहे ते पाहा. आणि दुखणाईताला पहिल्या गाडीत बसवा.