न चाखलेली ग्रेव्ही

"नको डोरीन, तू हात लावू नकोस. निसटेल," असं म्हणत सुनेत्राने रबरी हातमोजे कोपरापर्यंत ओढले, डोळे मिटून एकदा 'रामकृष्णहरी' म्हटलं आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात दोन्ही हात घातले. पाच किलोंचा टर्की पाणी निथळत वर आला. थंडगार, गुळगुळीत आणि तान्ह्या बाळाएवढा जड.

"देवाचं नाव घेतलंस?" खुर्चीत बसल्या बसल्या डोरीन हसली. "त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी. तो बिचारा सुटला. अडकले ती मी."

दोघींचं हे बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं. पण परदेशातल्या त्या बेडोक उपनगरात, एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर, सत्तावीस वर्षं समोरासमोरच्या दारांत राहिल्यावर डोरीनची इंग्रजी सुनेत्राच्या कानात कधीच मराठी होऊन बसली होती.

सुनेत्रा नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात रुग्णांच्या फायली सांभाळून निवृत्त झालेली. जन्मात तिने अंडं फोडलं नव्हतं. सकाळी लेकीला फोनवर बेत सांगितला, तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जुरोंग ईस्टहून गार्गी ओरडलीच होती, "आई, तू टर्की भाजणार? तू? मी एकदा तुझ्या फ्रिजमध्ये अंडी ठेवली होती, तर तू कप्पा तीनदा धुतलास!"

"माझ्या फ्रिजमध्ये नाहीच आहे तो. डोरीनच्या घरी, डोरीनच्या ओट्यावर. घरी आले की डोक्यावरून आंघोळ करीन."

"अगं, पण विकत मिळतो, आई. भाजलेला."

"विकतचा चालला असता तर तिने मला विचारलं असतं का गं?"

खरं कारण तिने लेकीला सांगितलं नाही. ते फक्त दोघींना माहीत होतं. जूनमध्ये डोरीनला झटका आला, त्यात उजवा हात लुळा पडला. हाताचं पर्थच्या मुलाला, मेल्विनला, कळलं होतं. पण त्याच दिवसापासून तिची जीभही गेली होती, बोलायची नव्हे, चवीची. खारट नाही, गोड नाही, सगळं पुठ्ठ्यासारखं. हे तिने मुलापासून लपवलं होतं. तो फोनवर स्पष्ट म्हणाला होता, "मा, नाताळला येतो. तू एकटी राहू शकतेस असं दिसलं तर राहा. नाहीतर माझ्याबरोबर पर्थला यायचं." आणि नाताळचं जेवण म्हणजे डोरीनचा टर्की, त्यावर तिच्या आईकडून आलेली ग्रेव्ही. मेल्विन त्या ग्रेव्हीवर वाढला होता. पहिल्या घासाला त्याला सगळं कळलं असतं.

"मला चव लागत नाही, तू चाखणार नाहीस," डोरीन म्हणाली. "दोन बायका आणि एकही जीभ नाही. ग्रेव्ही कशी व्हायची गं?"

"मी चाळीस वर्षं नैवेद्य करते," सुनेत्रा टर्की पुसत म्हणाली. "पुरणपोळी, कटाची आमटी, खीर, पंचामृत. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नसतं. जिभेला लागलं की उष्टं झालं. मीठ हातानं कळतं, शिजणं आवाजानं आणि भाजणं नाकानं."

"आणि चुकलं तर?"

"चुकतं की. पण देवाने आजवर ताट परत पाठवलेलं नाही."

"मेल्विन देव नाही."

"म्हणून तर आधी देवाचं नाव घेतलं."

अननसाचा रस, आंबटगोड छोट्या लिंबांचा रस, ताडाचा काळा गूळ आणि चमचाभर मोहरीची पेस्ट. डोरीन सांगत गेली, सुनेत्रा आटवत गेली. हे तिला सोपं होतं. पाक तो पाक, तार यायची ती आलीच. ओव्हन तापला. पक्षी आत गेला. सुनेत्राने फोन ओट्यावर उभा केला आणि आपल्या आवडत्या बुवांचं कीर्तन लावलं.

"पूर्वरंग संपला की फॉइल काढायची," तिने जाहीर केलं. "आख्यानाला उभे राहिले की फळांच्या पाकाचा पहिला हात. मग दर गाण्याला एकेक हात."

पेटी वाजू लागली, झांजा वाजल्या. डोरीन कान देऊन ऐकत होती. "हा माणूस आधी गातो, मग भांडतो, मग रडवतो, मग परत गातो. आमच्या फादरना दाखवायला हवा. ते बोलतात तेव्हा अर्धं चर्च पेंगतं."

"तुमच्या फादरमागे मृदंग नाही ना, म्हणून."

पक्षी सोनेरी झाला, मग मधासारखा, मग जुन्या सागवानासारखा. लिफ्टपर्यंत वास गेला असावा. सुनेत्राला तो वास आवडला नाही आणि वाईटही वाटला नाही. कुणाच्या तरी घरी सण आहे एवढंच त्यातून कळत होतं. तापमापकाची सुई टोचून आकडा बघितला, पक्षी बाहेर काढून झाकून ठेवला. ट्रेमध्ये तांबूस रस उरला होता. आता खरी परीक्षा.

वरची चरबी काढून तिने लोण्यावर मैदा भाजायला घेतला. इथे तिचा हात बसला. कच्चा वास गेला, बिस्किटासारखा आला, त्याच्या जरा पुढे खमंग झाला, तोच रस ओतला. चर्र झालं. गुठळी एक नाही.

"आता मीठ," डोरीन म्हणाली. "दोन चमचे. माझी आई दोनच घालायची."

सुनेत्राने चमचा उचलला आणि थांबली. "तुझी आई पक्षी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची?"

"छे! तेव्हा फ्रिज कुठे होता एवढा? हे मी टीव्हीवर बघून ह्या वर्षी..." डोरीनचा चेहरा उतरला. "अगं बाई! रस खारट असणार. मी चाखून कमी केलं असतं. सवयीनं दोन म्हणून गेले."

सुनेत्राने कढईवर वाकून वास घेतला. मग मिठाच्या पाण्यात किती मुठी मीठ घातलं होतं ते विचारलं, मनाशी हिशोब केला, आणि चमचा तसाच बरणीत परत ठेवला. एक छोटं लिंबू पिळलं, मिरपूड टाकली, गॅस बंद केला.

"बास?" डोरीनने घाबरून विचारलं.

"बास. आता त्याच्यावर सोडायचं."

एक वाजता मेल्विन आला. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, हातात पर्थहून आणलेली वाइन. "आंटी सू!" म्हणत त्याने सुनेत्राला मिठी मारली. टेबल मांडलेलं होतं. डोरीनने डाव्या हाताने क्रूसाची खूण केली, प्रार्थना झाली. मेल्विनने पक्षी कापला, वर ग्रेव्ही ओतली आणि पहिला घास घेतला.

चावता चावता तो थांबला. डोरीनचा डावा हात टेबलक्लॉथची कड चुरगाळत होता. सुनेत्रा मनात नाम घेत होती.

"मा," तो म्हणाला, "तीच आहे गं. अगदी तीच." दुसरा घास, तिसरा. मग काटा ठेवून तो हसला. "ठीक आहे. मी हरलो. जी बाई एका हातानं हे करते, ती एकटी राहू शकते. मी पर्थचं नाव काढणार नाही."

सुनेत्राच्या छातीवरचं ओझं उतरलं. समोरच्या दारात डोरीनच राहणार होती. तिने डोरीनकडे बघितलं.

डोरीन हसत नव्हती.

"मी नाही केलं, मेल्विन. तुझ्या सू आंटीनं केलं. कधी पक्षी न खाल्लेल्या बाईनं, न चाखता." ती सावकाश बोलत होती. "मला जूनपासून चव नाही. गेल्या आठवड्यात नासलेलं दूध प्यायले. पूर्ण ग्लास. दोन दिवस पडून होते तेव्हा कळलं."

हे सुनेत्रालाही माहीत नव्हतं. त्या दोन दिवसांत डोरीनने दारातूनच 'सर्दी आहे' म्हणून तिला परत पाठवलं होतं.

"जेवणाच्या आधी देवाचं नाव घेतलंय," डोरीन म्हणाली. "त्याच टेबलावर खोटी शाबासकी कशी घेऊ? मला माझ्या घरी एक नाताळ करायचा होता. झाला. फेब्रुवारीत येते मी तुझ्याकडे."

मेल्विन उठून आईच्या खुर्चीमागे उभा राहिला.

मग डोरीन म्हणाली, "मेल्विन, गॅसवरचं ते छोटं पातेलं आण. सू उपाशी बसलीय."

ते पातेलं सुनेत्रा ओळखत होती. नऊ वर्षांपूर्वी तिचे यजमान रवींद्र गेले, तिच्या घरी चूल पेटेना, तेव्हा डोरीन दुकानात जाऊन कोरं पातेलं घेऊन आली होती. मांसाचा स्पर्श नको म्हणून. त्यात तीन दिवस तिने वरणभात करून आणला होता. दुकानाचं लेबल तेव्हा तसंच चिकटलेलं होतं. आता त्याची फक्त चौकोनी खूण उरली होती. त्या पातेल्यात तेव्हापासून सुनेत्राशिवाय कुणासाठी काही शिजलं नव्हतं.

"सकाळी तू यायच्या आधी वरणभात केला," डोरीन म्हणाली. "डाव्या हातानं."

सुनेत्राने ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि घास घेतला. मीठ दोनदा पडलं होतं. कदाचित तीनदा. जीभ भाजल्यासारखी झाली.

"मीठ बरोबर आहे?" डोरीनने विचारलं. ती जरा पुढे झुकली होती.

"अगदी बरोबर," सुनेत्रा म्हणाली आणि पातेलं जवळ ओढून तिने आणखी एक डाव वाढून घेतला.