तेलेफचा बर्फ

आमच्या गावाने बर्फ विकून घरं बांधली. हसू नका! वरचं तळं गोठलं की पुरुष करवती घेऊन जायचे, लाद्या कापायचे, आणि लाकडी घसरगुंडीवरून त्या थेट धक्क्यावरच्या कोठारात उतरायच्या. लाकडाच्या भुशात गाडून ठेवल्या की उन्हाळ्यात लंडनची जहाजं येऊन घेऊन जायची. मग तिकडे यंत्रातून बर्फ निघायला लागला आणि आमच्या धक्क्यावर गवत उगवलं.

हे सगळ्यांना कळलं, माझ्या नवऱ्याला सोडून. तेलेफ मुकादम होता ना! सुंभ जळाला तरी पीळ जाईना. त्या हिवाळ्यात तो एकटाच घोडा घेऊन तळ्यावर गेला आणि निम्मं कोठार भरून ठेवलं.

वसंतात आमच्या ओस्मुंडने अमेरिकेहून दोघांची बोटीची तिकिटं पाठवली. त्याला मुलगी झाली होती. मला नातीला मांडीवर घ्यायचं होतं, बाकी काही नको होतं. पण माझे डोळे अधू, एकटीने समुद्र ओलांडणं कुठलं! तिकिटं चालणार होती पानगळीपर्यंत.

"जहाज आलं, बर्फ गेला, की निघू," तेलेफ म्हणाला.

"आणि नाही आलं तर?"

"चांगला बर्फ टाकून मुकादम जात नसतो, म्हातारे."

"अरे, वितळला तर?"

"वितळला तर मग संपलंच. तू म्हणशील तिथे येईन."

शब्दाचा पक्का माणूस. म्हणून मी उन्हाळाभर देवाकडे ऊन मागितलं. आणि देवाने दिलं की! विहिरी आटल्या, दूध तासात नासायला लागलं. कोठाराची किल्ली मात्र तेलेफच्या गळ्यात, चर्चमध्येसुद्धा. दार उघडलं की आत ऊब शिरते म्हणे.

"काय गं गुनवोर, तुझी सवत कशी आहे?" शेजारची टोरबोर्ग विचारायची.

"थंडगार आहे बाई. म्हणून तर आवडते त्याला."

जहाज आलं नाही. यायचंच नव्हतं. शेवटच्या आगबोटीच्या आदल्या दिवशी मी ट्रंक भरली, नातीसाठी विणलेली टोपी सगळ्यात वर ठेवली आणि तेलेफला म्हटलं, "चल, उघड आता."

त्याने गळ्यातली किल्ली काढली. दार उघडलं. आत ओल्या लाकडाचा वास. पाणी साचलं असेल म्हणून मी परकर वर धरला, पण पायाखाली कोरडा भुसा लागला. तेलेफने फावड्याने तो बाजूला केला आणि गुडघ्यांवर बसला.

"काय रे? गेला ना?"

त्याने माझा हात धरून खाली नेला. लादीची कड सुरीसारखी बोटाला लागली. एकही कोपरा झिजला नव्हता.

"बघ गं, काही झालं नाही त्याला!" तो हसत होता, रडत होता. "एवढ्या उन्हाळ्यात! असा बर्फ मी जन्मात कापला नव्हता."

मी तिथेच भुशात बसले आणि हंबरडा फोडला. त्या वेड्याला वाटलं, मला आनंद झाला.

"रडू नकोस. पुढच्या उन्हाळ्यात येईलच जहाज," म्हणत त्याने दुसरं फावडं माझ्या हातात दिलं. "चल, भुसा परत वर ओढ लवकर. दार उघडं आहे."

मी डोळे पुसले आणि भुसा ओढायला लागले.