इस्त्रीचा वास

नंदकिशोर गेल्यावर चारुलताबाईंनी त्यांचे सगळे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. एक पांढरा सदरा मात्र ठेवला. तो कपाटात जपून ठेवला असंही नाही. आठवड्याच्या धुण्यात तो मशीनमध्ये टाकायचा, दांडीवर वाळत घालायचा आणि पुढच्या धुण्यात पुन्हा भिजवायचा, असा नेमच धरला. मुलगा अभिराम बोटीवर नोकरीला, घरात त्या आणि सून क्षिप्रा. दांडीवर पुरुषाचा एकही कपडा नाही हे त्यांना बघवत नसे.

नंदकिशोरांना इस्त्रीचं वेड होतं. वाशीला पहिलं घर घेतलं तेव्हा खिडकीतून नुसती खाडी आणि चिखल दिसायचा, रिक्षाही मिळायची नाही, पण यांच्या सदऱ्याची इस्त्री कधी मोडली नाही. रविवारी जेवणं झाली की चादर चौपदरी घालून जमिनीवर बसायचे, कांजीचं पाणी शिंपडायचे आणि सावकाश इस्त्री फिरवायचे. कुठेतरी ती जास्त तापायचीच. मग घरभर तो वास सुटे, गरम सुताचा, कांजीचा आणि किंचित करपल्याचा.

"अहो, जळतंय," चारुलताबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

"आधी बटण, मग बोंब," म्हणत ते बटण बंद करायचे आणि हसायचे.

सीवूड्सच्या या फ्लॅटमध्ये मशीन बाल्कनीत होतं. बाल्कनीला काचा लावलेल्या, आणि क्षिप्राच्या खोलीचं एक दार तिथेच उघडणारं. वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर एका दुपारी मशीन कपडे पिळायला लागलं, गरगरायला लागलं आणि अचानक तोच वास आला. चारुलताबाई चिमट्यांची टोपली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आलात का?" त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हापासून मशीन लावलं की त्या काचा ओढून घेत. खाडीचा वारा आत आला की वास पळून जाई.

क्षिप्राने एकदा नाक वर करून विचारलं होतं, "आई, जळल्यासारखं येतंय का काही?"

"खाली कोणाची तरी इस्त्री चालू असेल," त्या म्हणाल्या.

पण मग मशीन मधेच बंद पडायला लागलं आणि क्षिप्राने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीन पुढे ओढलं, मागचं झाकण काढलं आणि काळी पडलेली वायर दाखवली. आतलं सगळं वितळायला आलंय, आता हे लावू नका, असं बजावून तो गेला. क्षिप्राने त्याच संध्याकाळी नवीन मशीन मागवलं. ते घेऊन येणारी माणसं जुनं घेऊन जाणार होती.

"आई, उद्या येतंय नवीन. तोपर्यंत हे लावायचं नाही हं."

"नाही लावत गं."

"तुमचं 'नाही लावत' मला माहितीये. गोड 'नाही खात' म्हणता ना, तसलंच. उगाच टेन्शन देऊ नका मला."

दुसऱ्या दिवशी क्षिप्रा ऐरोलीहून रात्रपाळी करून आली, चहा पिऊन, कानात बोळे घालून झोपली. चारुलताबाईंनी काचा ओढल्या. मशीनमध्ये एकच सदरा टाकला, मशीनचं प्लास्टिकचं कव्हर नेहमीसारखं मागे सारलं आणि बटण दाबलं. शेजारी स्टुलावर डोळे मिटून बसल्या.

मशीन गरगरायला लागलं. वास आला. आज दाट आला, अगदी कुशीत बसल्यासारखा.

"आज हे नेतील," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही कुठे याल?"

डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना वाटलं, रडू येतंय. पण घसा खवखवला, आणि त्यांनी डोळे उघडले. मशीनच्या मागून काळा धूर निघत होता. कव्हर आक्रसून थेंब थेंब गळत होतं आणि त्याच्या कडेने पिवळी जीभ वर चढत होती. धूर क्षिप्राच्या दाराखालून आत शिरत होता.

हाताला लागली ती पाण्याची बादली त्यांनी उचलली.

तेव्हा अगदी कानाशी कोणी म्हणालं, आधी बटण.

बादली हातातून सुटली. त्या भिंत धरत बाहेरच्या दाराशी गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. घर गप्प झालं. मग त्या हॉलमधून क्षिप्राच्या खोलीत घुसल्या, तिचं मनगट धरलं आणि जिवाच्या आकांताने ओढत तिला जिन्यात आणलं. शेजाऱ्यांची दारं उघडली. करावे गावचा वॉचमन वामन जिन्यातलं आग विझवायचं लाल सिलिंडर खांद्यावर घेऊन वर आला.

"आजी, आत अजून कोन हाय?"

चारुलताबाईंनी बाल्कनीकडे पाहिलं. ओठांवर आलं होतं, हे आहेत.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.

वामनने पांढरी पूड मारून आग विझवली. क्षिप्रा पायरीवर बसून खोकत होती. काही वेळाने तिने विचारलं, "काय लावलं होतं?"

"सदरा."

त्या ओढलेल्या काचा, ती खालची इस्त्री, सगळं क्षिप्राला एकदम कळलं असावं.

"बाबा मला जाळायला आले नसते, आई," ती म्हणाली.



जुनं मशीन गेलं, आत अडकलेल्या सदऱ्यासकट. बाल्कनीला रंग लागला. नवीन मशीन मुकाट्याने कपडे पिळतं, त्याला कसलाही वास नाही.

परवा दुपारी क्षिप्रा झोपली होती. मशीन बंद होतं, पिनही काढलेली. चारुलताबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. आणि वास आला. गरम सुताचा, कांजीचा, किंचित करपल्याचा.

पूर्वी त्यांनी काचा ओढल्या असत्या. आता त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. मिक्सर, फ्रिज, गिझर, प्रत्येक बटणावर हात ठेवून पाहिला. सगळं गार होतं. पण वास हलेना. त्या ज्या खोलीत जात, तिथे मागोमाग येई.

शेवटी त्या क्षिप्राच्या दाराशी गेल्या आणि फळी तापलीय का ते तळव्याने चाचपत राहिल्या.

आतून झोपाळलेला आवाज आला, "आई? काय झालं?"

"काही नाही. झोप तू. बटणं बघतेय."

त्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या. वास समोर येऊन थांबला.

"तुम्ही असाल तर बसा," त्या म्हणाल्या. "पण मी इथून उठणार नाही."