जयवंतला बजावलेल्या बावीस नोटिसा

शोकसभेत मी बोलणार नव्हतो. जयवंतवर बोलायला त्याच्या गिर्यारोहण क्लबची सात माणसं आली होती आणि प्रत्येकाने त्याला कुठला ना कुठला सुपुत्र केलं. मला वैताग आला. तेवढ्यात त्याची बायको, कमलवहिनी, उठल्या आणि माझ्या हातात एक फाइल देऊन म्हणाल्या, "सीतारामभावोजी, आता तुम्ही. तुमचंच आहे, वाचा."

फाइल उघडली नि बघतो तर आत माझ्याच नोटिसा. लालबागच्या आमच्या चाळीचा मी सव्वीस वर्षं सेक्रेटरी. एवढ्या वर्षांत जयवंतला बावीस नोटिसा दिल्या. मेल्याने त्या सगळ्या तारीखवार लावून ठेवल्या होत्या.

समोर अख्खी चाळ. मला वाटलं, वहिनी आज चारचौघांत माझी लाज काढणार. मी त्याचा वैरी नव्हतो हो. पण ते त्याला कळलं होतं का, हे आता विचारणार कोणाला?

वाचायला लागलो.

"नोटीस क्रमांक एक. आपण मागच्या भिंतीत चौदा लोखंडी मेखा ठोकून तिसऱ्या मजल्यावरून दोरीने उतरता. चाळीची भिंत म्हणजे सुळका नव्हे. खुलासा करावा."

कोणीतरी खुसकन हसलं. जयवंत मिलच्या मशीन शॉपमध्ये इंजिनीअर होता. शनिवार आला की सॅक पाठीला लावून सह्याद्रीत पळायचा. मिल बंद पडली आणि त्याच्याकडे वेळच वेळ झाला. त्रास आम्हाला.

"नोटीस क्रमांक नऊ. गच्चीवरच्या टाकीला आपण शिट्टी बसवली आहे. टाकी भरली की ती कुकरसारखी वाजते. रविवारी तिसरी शिट्टी समजून बायकांनी गॅस बंद केले व सतरा घरांत भात कच्चा राहिला. खुलासा करावा."

आता सगळेच हसले. मी नाही हसलो. नोटीस ही नोटीस असते.

"मग केला का खुलासा?" क्लबच्या मेघनाने विचारलं.

"छे! चहाला बोलवायचा."

"नोटीस क्रमांक चौदा. जिन्याच्या वळणावर रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर अडल्याने आपण स्वतः बनवलेल्या स्ट्रेचरवर बांधून एका वृद्ध बाईंना गॅलरीतून दोरीने खाली सोडलंत. समितीची परवानगी घेतली नव्हती. खुलासा करावा."

इथे कोणी हसलं नाही. ती वृद्ध बाई माझी आई. खुबा मोडला होता. "हळू सोड रे, झिला," असं जयवंतला लेकासारखं म्हणत म्हणत ती खाली गेली आणि पुढे नऊ वर्षं जगली. परवानगी घेतली नव्हती, हे खरंच होतं. पण त्या दिवशी मी कठडा धरून लटलट कापत होतो. आभार मानायला तोंडच उघडेना, म्हणून नोटीस काढली. हे आज सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

मग बाविसावी, शेवटची नोटीस काढली.

"गेले तीन महिने आपण चाळीत काहीही ठोकलेलं, टांगलेलं किंवा वाजवलेलं नाही. समितीस काळजी वाटते. आठ दिवसांत खुलासा करावा."

समितीला या नोटिशीचा पत्ताच नव्हता. तब्येत कशी आहे रे, एवढं विचारायला मला जमत नव्हतं. सवय नव्हती. दाराखालून सरकवली आणि घरी आलो. पाचव्या दिवशी त्याला परळच्या हॉस्पिटलात नेलं. आठव्या दिवशी तो गेला.

"त्याने ती वाचली की नाही, तेवढं मला कळलेलं नाही," एवढं म्हणून मी फाइल मिटायला लागलो.

"पान उलटा," वहिनी म्हणाल्या.

मागे जयवंतचं ड्रॉइंगमधलं अक्षर होतं, फक्त रेघा हललेल्या. "सेक्रेटरी साहेब, समितीच्या काळजीबद्दल आभार. खुलाशाला आठ दिवस पुरत नाहीत. एक महिन्याची मुदत मिळावी, ही विनंती."

"हॉस्पिटलात लिहिलं," वहिनी म्हणाल्या. "हसून हसून नाकातली नळी निघायची वेळ आली. मला म्हणाले, सीतारामला दे, तो नाही म्हणायचा नाही."

मला रडू फुटलं. चाळीसमोर फुटलं, त्याला इलाज नाही. खिशातलं पेन काढलं, अर्जाखाली 'मंजूर' लिहिलं, सही केली, आणि सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच तारीख मागची घातली.