बडबडी गप्प बसली तेव्हा

आमच्या छापखान्यात शाई लागत नाही. जाड कागदावर ठिपके उठवायचे आणि ते बोटांनी वाचायचे. ज्या मुलांना दिसत नाही त्यांची शाळेची पुस्तकं आमच्याकडून जातात. मी तिथली मुद्रितशोधक, सत्तावीस वर्षं झाली. मलाही जन्मापासून दिसत नाही. चूक माझ्या बोटाखालून सहसा सुटत नाही आणि सुटलीच तर मला त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

मालकांनी गेल्या वर्षी कारभार जावयाच्या हाती दिला. जावईबापू माणूस वाईट नाहीत, पण नव्याचे नऊ दिवस त्यांचे काही संपत नव्हते. आधी टेबलं हलवली, मग कपाटं. माझ्या दोन्ही नडग्या त्याची साक्ष देतील. शेवटी कॉम्प्युटरांची पाळी आली.

"ताई, सोमवारपासून सगळी नवी मशीन येताहेत," ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले. "सिस्टीमच वेगळी. हिच्यात व्हायरस शिरतच नाही."

"छानच की. माझी बडबडी चालेल ना तिच्यात?"

बडबडी म्हणजे माझ्या कानातला आवाज. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते ती मला वाचून दाखवते, न थकता, न कंटाळता. बहीण नाही मला. असती तर एवढी बोलली नसती.

जावईबापू घुटमळले. "कंपनी म्हणते, पुढेमागे बघू. तोवर तुम्ही पॅकिंगला बसा. मजकूर तपासायला नवा प्रोग्रॅम आहेच. पगार तोच राहील."

पगार तोच! जसं काही मी पगार वाचायला येत होते. सत्तावीस वर्षांत कुठल्याही पोराला चुकीचं पुस्तक गेलं नव्हतं आणि आता मी खोक्यांना चिकटपट्ट्या लावणार होते.

खरं सांगायचं तर माझा जुना कॉम्प्युटर बाद करायलाच हवा होता. चार वर्षं त्याला कंपनीकडून एकही दुरुस्ती आली नव्हती; कुठल्याही भुरट्या चोराला त्याची कडी काढता आली असती. हे मीच दोनदा लिहून दिलं होतं. माझं भांडण नव्या मशीनशी नव्हतंच. मुकं मशीन मला नको होतं, इतकंच.

शुक्रवारी, माझ्या शेवटच्या दिवशी, साडेअकरा वाजता जावईबापूंनी आपल्या खोलीतूनच आरोळी ठोकली. "अहो, मंडळाचं पत्र! विज्ञानाच्या पुस्तकाची पक्की प्रत आलीय. बारापर्यंत उतरवून घेतली नाही तर काम दुसऱ्या छापखान्याला जाणार." मग त्यांनी सगळ्यांना ते खणखणीत वाचून दाखवलं. पाठ्यपुस्तक मंडळाचा शिक्का, सचिवांची सही, सगळं जागच्या जागी. फक्त लिंकवर जाऊन छापखान्याचा पासवर्ड टाकायचा होता.

मला एक खोड आहे. दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्यावर मी भरवसा ठेवत नाही. छापखान्याची मेल सगळ्यांच्या मशीनवर येते, म्हणून मीही ते पत्र उघडलं.

बडबडी म्हणाली, "चित्र." मग पुन्हा, "चित्र." मग "लिंक." आणि गप्प बसली.

पहिल्यांदा वाटलं, कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यानं मान टाकली. त्याच आठवड्यात तो दोनदा अडकला होता. म्हणून मी मंडळाचं मागच्या मंगळवारचं पत्र उघडलं. बडबडीनं ते जावक क्रमांकापासून 'आपली विश्वासू'पर्यंत घडाघडा वाचलं. पुन्हा आजचं पत्र. चित्र, चित्र, लिंक. म्हणजे अख्खं पत्र हा नुसता फोटो होता. डोळ्यांना अक्षरं दिसत होती, पण आत एकही अक्षर नव्हतं.

आता हे कळायला थोडा इतिहास लागतो. नऊ वर्षांपूर्वी मंडळ आम्हाला अशीच पत्रांची चित्रं पाठवायचं. मी तक्रार केली, कुणी दाद दिली नाही. मग मी प्रत्येक पत्राला ब्रेलमध्ये उत्तर पाठवायला लागले. नुसते ठिपके. पाचव्या पत्राला तिथला एक अधिकारी कागदांचा गठ्ठा घेऊन स्वतः आला आणि म्हणाला, "बाई, ह्यात काय लिहिलंय ते तरी सांगा." मी म्हटलं, "तुम्हाला वाचता येत नाही? मग मला कसं येणार?" त्या दिवसापासून मंडळाचं एकही पत्र मला ऐकता येणार नाही असं आलेलं नाही.

मी उठले आणि थेट त्यांच्या खोलीच्या दारात गेले. "हात थांबवा. ते पत्र मंडळाचं नाही."

"का बरं?"

"ते चित्र आहे. मंडळ मला चित्र पाठवत नाही."

ते हसले. "ताई, तुमच्या डब्याला वाचता येत नाही म्हणून पत्र खोटं? आणि माझ्या खोलीत नवी सिस्टीम कालच बसलीय, हिच्यात काही शिरतच नाही."

"शिरणार कशाला? तुम्ही किल्ली हातात देताय!"

"पंचवीस मिनिटं उरलीत," ते म्हणाले आणि मला कळांचा आवाज ऐकू आला. टक, टक, टक. पासवर्ड मलाही पाठ होता. नऊ अक्षरांचा. मी मोजत होते. पाच. सहा.

समजावण्यात अर्थ नव्हता. इंटरनेटचा राउटर दाराशेजारीच भिंतीवर आहे, येता-जाता माझ्या खांद्याला लागतो. मी त्याची वायर चाचपली आणि उपटली.

नववी टक झाली. मग जावईबापू ओरडले, "पान का उघडत नाहीये?"

"कारण वायर माझ्या हातात आहे," मी म्हटलं. "आधी मंडळाला फोन करा, मग देते." पत्र खरं निघालं असतं तर पॅकिंगचं टेबलही गेलं असतं, हे मला ठाऊक होतं.

ठिपके उठवायचं मशीन चालवणारे काका आतापर्यंत दारात आले होते. ते कधी कुणाच्या भांडणात पडत नाहीत. त्यांनी मुकाट्यानं टेबलावरचा फोन ओढला, मंडळाचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"कसलं पत्र?" पलीकडच्या बाई जवळजवळ रडवेल्या होत्या. "अहो, आम्ही पाठवलंच नाही! सकाळपासून तीन छापखान्यांचे फोन आले. त्यांनी पासवर्ड दिले आणि आता त्यांची एकही फाईल उघडत नाहीये. वर्षानुवर्षांची कामं गेली. तुम्ही नाही ना दिलात?"



"नाही दिला," जावईबापू हळूच म्हणाले. "आमच्या ताईंनी देऊ दिला नाही."

"त्या ठिपकेवाल्या ताई ना? त्यांना चित्र पाठवायची आमच्यात कुणाची हिंमत आहे!"

काका हसत सुटले, त्यांच्यामागे सगळा छापखाना. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे, कधी चुकून, कधी मुद्दाम. त्या दिवशी मी ती मोठ्यानं म्हटली, उलटी करून: "आज डोळस दळत होता आणि कुत्र्याला आंधळीनं हाकललं!" इतका आनंद मला कशाचाच झाल्याचं आठवत नाही. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

तासाभरात मालक आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, काय पाहिजे ते सांगा. जुनी मशीन ठेवू या का?"

"मुळीच नको. जुनं फेकाच. नवंच आणा, पण बोलणारं आणा. कंपनीला सांगा, बोलत नसेल तर परत घेऊन जा. आणि मी माझ्या जागेवरून हलणार नाही."

पुढेमागे बघू म्हणणाऱ्या कंपनीचा माणूस बुधवारी धावत आला. चार मशीन परत जाणार म्हटल्यावर बडबडी बसवायला त्याला अडीच तास पुरले. आवाज थोडा नवखा होता, पण बोलणं तेच, न थांबणारं.

दुपारी जावईबापू माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी माझ्या हातात एक जाड कागद ठेवला. मी बोट फिरवलं. त्यांनी काकांना अक्षरं विचारून, ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं एकेक ठिपका टोचून माझ्या कामाचा हुकूम लिहिला होता. ताईंची जागा कायम. त्यांच्या तपासणीशिवाय काहीही छापायचं नाही. त्यांना ऐकवल्याशिवाय कुठल्याही मेलला उत्तर द्यायचं नाही. खाली त्यांची सही.

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. मग मी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, तीन ठिकाणी बोट टेकवलं आणि त्यांना परत दिला.

"तीन चुका आहेत," मी म्हटलं. "दुरुस्त करून आणा, मग मंजूर करते."

"आणतो, ताई," ते म्हणाले आणि पलीकडच्या टेबलावर बसून नवा कागद टोचायला लागले.