पहिल्या मजल्यावरचं बोलणं

केसरीनाथशेठनं धामणकर नाक्यामागच्या आपल्या जमिनीवर तीन मजली बिल्डिंग बांधली आणि पहिल्या मजल्यावर तो स्वतः राहायला आला. मागं कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने होते. त्यांच्या खडखडीत त्याला दुपारची झोप छान लागायची. शुक्रवारी मात्र लाईट बंद, म्हणून लूमही बंद, आणि मग डोक्यावर शिलाई मशीन ऐकू यायचं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पोस्टातल्या वाल्मीकच्या बायकोचं, मंदाचं. पायाचं मशीन, त्याला लाईटची गरज नव्हती.

"एकसारखं चाललं तर चालंल," केसरीनाथ बायकोला म्हणाला. "ही जरा चालवते, थांबते. मंग परत कवा सुरू व्हतंय त्याची वाट बघत पडायचं."

"मंग जाऊन सांगा की," सीताबाई म्हणाली. तिची थोरली बहीण आक्का पूर्णा गावाहून आली होती. नवरा जरा बाहेर गेला तर दोघींना मोकळं बोलता येणार होतं.

केसरीनाथनं सदरा चढवला, मिशीवरून हात फिरवला आणि वर गेला. मंदानं ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

"चुकलं काका. शुक्रवारी नाही बसणार मशीनवर. या, बसा ना."

तो खुर्चीवर बसला. मंदानं हातशिलाईला ब्लाउज घेतला. घर शांत झालं, आणि त्या शांततेत खालून सीताबाईचा आवाज आला, खुर्चीखाली बसून बोलत असावी इतका स्वच्छ.

"मशीननं झोप मोडते म्हणं. आक्का, मशीन सुरू व्हायच्या आधीपासनं घोरत असतात. जागी मी असते."

केसरीनाथ समोरच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघत राहिला. मंदानं मान आणखी खाली घातली.

"पन एक सांगू? माजा गुडगा धरला तवापासनं रोज पाय चेपून देतात. तेल कोमट करून आनतात. मना झोप लागावी म्हनून लग्नाच्या हळदीतलं गानं बी म्हनतात. गळा न्हाय, पन म्हनतात."

केसरीनाथचे कान तापले. गावकीच्या बैठकीत तो खाकरला तरी माणसं गप्प व्हायची.

"हे रोज ऐकू येतं?" त्यानं हळू विचारलं.

"फक्त शुक्रवारी. इतर दिवशी लूम असतात."

"गानं बी?"

"गाणं तर तिसऱ्या मजल्यावर गोदूबाईंकडं पण जातं. बाथरूमच्या पाइपातून." मंदानं दोरा दातानं तोडला. "तुमचं घरातलं बोलणं ऐकणं बरं दिसत नाही, काका. म्हणून तर त्या वेळेला मशीन चालवते."

केसरीनाथ उठला.

"बाय, शुक्रवारी दोन ते चार मशीन चालव. मधी थांबू नको."

"तेवढं काम नसलं तर?"

"आमच्या उशांचे अभ्रे शिव. कापड मी धाडतो."

त्या दिवसापासून तो घरात कुजबुजत बोलायला लागला. घसा बसला असं वाटून सीताबाईनं तीन दिवस आल्याचा काढा पाजला. चौथ्या दिवशी काढ्याला कंटाळून त्यानं तिला खरं ते सांगितलं, तेही कुजबुजतच.

सीताबाईनं तोंडावर हात ठेवला. "म्हंजी मी तुमचं कौतुक केलं, ते बी मंदानं ऐकलं?"

"समदं."

तिला हेच जास्त लागलं. तीस वर्षं तिनं बायकांमध्ये नवऱ्याचं गाऱ्हाणंच सांगितलं होतं. आता चांगलं बोलताना सापडली होती.

पुढच्या शुक्रवारी तिनं खिडकी उघडली आणि मोठ्यानं सुरुवात केली. बाजारातून शिळी मच्छी आणता, ओला टॉवेल गादीवर टाकता, आक्काच्या नवऱ्याशी धड बोलत न्हाय. वर मंदा कबूल केल्याप्रमाणं न थांबता मशीन चालवत होती, त्यामुळं सीताबाईला आवाज आणखी चढवावा लागला. केसरीनाथ समोर भिजवलेले वाल सोलत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

प्रकरण हातघाईवर आलं असं वाटून गोदूबाई तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली आली. दार उघडंच होतं.

सीताबाईनं तिला बघितलं आणि जरा सरकून जागा केली. "ये गो, बस. थोडेच राहिलेत," असं म्हणून तिनं तिच्यापुढंही मूठभर वाल टाकले. मग नवऱ्याकडं वळून विचारलं, "कुठवर आलेले मी?"

"आक्काचा नवरा," केसरीनाथ म्हणाला.